मादामचा सेगा

मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता मस्कतमध्ये कुणी उघड्यावर थांबत नाही. शाळा सुटली की आम्ही शिक्षक दारापासून गाडीपर्यंतचं अंतर अक्षरशः पळत कापतो. त्या दिवशी मी अशीच पळत होते आणि पार्किंगच्या मधोमध थबकले. एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर परातीपेक्षा मोठं, गोल, चामड्याने मढवलेलं काहीतरी ठेवलेलं होतं. शेजारी फुलाफुलांची छत्री धरून फ्रेंचच्या नव्या मॅडम उभ्या होत्या. मधूनच त्या चामड्यावर टिचकी मारायच्या, कान लावून ऐकायच्या, जरा फिरवून परत ठेवायच्या. वाळत घातलेल्या पापडांकडे बायका सारख्या जाऊन बघतात ना, तसं.

"मॅडम, एनी प्रॉब्लेम?" मी विचारलं.

"काही नाही. ढोल तापवते आहे," त्या मराठीत म्हणाल्या. "थंड ढोल खोटं बोलतो."

मॉरिशसहून आलेल्या, फ्रेंच शिकवणाऱ्या बाई मराठी कशा बोलतात आणि मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं, हे दोन्ही प्रश्न माझ्या चेहऱ्यावर दिसले असावेत.

"तू पळताना 'आई गं' म्हणालीस," त्या म्हणाल्या. "आणि माझे पणजोबा रत्नागिरीकडचे. आता जा. तुझं तोंड लाल झालं आहे. अतिशय उष्मा आहे."

'अतिशय उष्मा' हे शब्द मी कुणाच्या तोंडून शेवटचे कधी ऐकले होते, ते मला घरी पोचेपर्यंत आठवेना.

शाळेत त्यांना सगळे 'मादाम' म्हणत. मुलं, शिक्षक, गेटवरचा वॉचमन, सगळेच. वय एकोणसाठच्या आसपास, रंग सावळा, केस पांढरे आणि आखूड, पायांत कायम सपाट चपला. त्या चालताना पाय उचलत नसत. म्हणजे उचलत असतील, पण दिसत नसे. कॉरिडॉरच्या फरशीवरून सरसर आवाज आला की वर्ग गप्प व्हायचा. त्यांची मराठी दोन ठिकाणांहून आलेली होती. अर्धी आजीकडून, आणि अर्धी त्यांच्या बेटावरच्या शाळेतल्या मराठीच्या पुस्तकातून. त्यामुळे त्या 'कृपया' आणि 'अवश्य' म्हणत आणि त्याच वाक्यात सगळ्यांना 'तू' म्हणत. शाळेच्या प्रिन्सिपॉलनाही. आजी देवालासुद्धा 'तू' म्हणायची, मग माणसांचं काय, असं त्यांचं म्हणणं. "तुम्ही हा शब्द मला ठाऊक आहे," त्या म्हणायच्या. "तो पुस्तकातल्या लोकांसाठी असतो."

दुसरी सवय म्हणजे 'ठाऊक नाही' असं अभिमानाने सांगणं. आम्हा शिक्षकांना हे दोन शब्द जड जातात. मी तर गणित शिकवते. मादामना मुलांनी काहीही विचारलं आणि त्यांना ते येत नसलं, की त्यांचा चेहरा खुलायचा. "ठाऊक नाही! शोधू या."

जूनमध्ये त्या अल् घुब्रामध्ये आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आल्या, नेमक्या आमच्या डोक्यावर. आठवड्याभरात वरून एक आवाज सुरू झाला. रोज संध्याकाळी पाचला. आपटल्याचा नव्हे, घासल्याचा. सर्रर्र, सर्रर्र, मध्ये थोडं थांबून पुन्हा सर्रर्र. माझी लेक तेव्हा आठवीत होती. ती म्हणाली, "आई, शी इज ग्राइंडिंग समथिंग." तिच्या बाबांचं म्हणणं, फर्निचर सरकवत असतील. रोज कोण फर्निचर सरकवतं? तिसऱ्या दिवशी मी कुतूहलाने वर गेले.

दार उघडंच होतं. हॉलमध्ये सोफा नव्हता, टेबल नव्हतं. जमिनीवर निळं ताडपत्रीचं कापड आणि त्यावर बोटभर जाडीची वाळू. समुद्रावरून पिशव्या भरभरून आणलेली. मादाम अनवाणी, घोट्यापर्यंतचा मोठ्या घेराचा स्कर्ट दोन्ही हातांनी जरासा उचलून, एकट्याच नाचत होत्या. पाय वाळूतून न काढता त्या पुढे येत, मागे जात. कंबर हलत होती, खांदे हलत होते, डोकं मात्र इतकं स्थिर की त्यावर कळशी ठेवली असती तरी हिंदकळली नसती.

"ये," मला बघून त्या म्हणाल्या, "चपला काढ. फरशीवर सेगा शिकता येत नाही."

मी तक्रार करायला गेले होते असं नाही, पण नाचायलाही गेले नव्हते. तरी का कोण जाणे, चपला काढल्या. पुढची वीस मिनिटं त्या एकच वाक्य बोलत होत्या: "पाय उचलू नकोस." मला वाटलं, यात काय अवघड? दहा पावलांत पोटऱ्या भरून आल्या.

नंतर चहा पिताना मी माझं ज्ञान पाजळलं. आदल्याच दिवशी मोबाइलवर वाचलं होतं की गुलामांच्या पायांत साखळ्या असायच्या, म्हणून या नाचात पाय उचलत नाहीत. मादामनी कप खाली ठेवला.

"साखळ्या होत्या, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण लोकांना प्रत्येक उत्तर साखळीतच हवं असतं. तू आत्ता वाळूत नाचलीस. पाय उचलावासा वाटला?"

"नाही. रुततो."

"मग? साखळीमुळे की वाळूमुळे, मला ठाऊक नाही. शोधू या."

मग त्यांनी वाळूवर चहाचं सामान मांडलं. कप म्हणजे मॉरिशस, शेजारी बशी उलटी ठेवून रेयुनियाँ, चमच्याच्या टोकाशी रॉड्रिग्ज, वर दूर बिस्किटांचे तुकडे म्हणजे सेशेल्स. किटली मादागास्करसाठी. आफ्रिकेचा किनारा बोटाने ओढला. "इथून, इथून आणि इथून माणसं पकडून नेली. एका बोटीतल्या माणसांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मालकाची भाषा मोडून त्यांनी नवी केली, ती आमची क्रिओल. आणि शेळीचं कातडं लाकडी कड्यावर ताणून हा रावान केला." त्यांनी भिंतीला टेकवलेल्या ढोलाकडे मान वळवली. "आमच्याकडे नाचाला सेगा म्हणतात. या बशीवर मालोया म्हणतात, त्या बिस्किटांवर मुत्या. पाद्री नको म्हणाले, मालक नको म्हणाले. तरी राहिला. प्रत्येक बेटाला वाटतं नाच आपलाच, आणि समोरच्या बेटावरचे लोक चुकीचा नाचतात."

"आणि आपले लोक?" मी विचारलं. "तुमचे पणजोबा?"

"ते नंतर आले. गुलामी संपल्यावर, उसासाठी, करारावर. ज्या खोल्यांत आधीचे लोक राहत होते त्याच खोल्यांत त्यांना ठेवलं." त्यांनी बिस्किटाचा एक तुकडा तोंडात टाकला. "आणि तरी माझ्या घरात सेगा हा शब्द उच्चारायची बंदी. आमची झाकरी होती, तुमच्या कोकणातली जाखडी, तीच. ती चालायची. सेगा म्हणजे खालच्या लोकांचा."

मग त्यांच्याकडे तो आला कसा? हे मी त्या दिवशी विचारलं नाही. पुढच्या महिन्याभरात तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्यांच्या जन्मानंतर आठवड्यातच त्यांची आई गेली. शेजारी एक क्रिओल बाई, म्हणजे त्या गुलामांच्या वंशातली, नुकती बाळंत झाली होती. तिने यांना दूध पाजलं. क्रिओलमध्ये दाईला नेनेन म्हणतात, त्या तिला तेवढंच म्हणत. नेनेन दर रविवारी मागच्या अंगणात गायची. घरचे मादामना आत ओढून न्यायचे, त्या पुन्हा पळायच्या. सगळी गाणी क्रिओलमध्ये, कुणाचा नवरा पळाला, कुणाची होडी बुडाली, अशी. पण एका गाण्याच्या शेवटी एक ओळ होती, ती क्रिओल नव्हती. नेनेन ती डोळे मिटून म्हणायची. तिला तिच्या आजीने शिकवली होती, आजीला कुणी ते माहीत नाही.

"फुंगा कुकु, मुवा याजा," मादाम म्हणाल्या. हळू, जपून, काचेचं भांडं पुढे करावं तसं.

"म्हणजे काय?"

या वेळी 'ठाऊक नाही' म्हणताना त्यांचा चेहरा खुलला नाही. एका पाद्र्याने सांगितलं होतं की ते कुठल्याशा देवाचं नाव आहे. कुणा अभ्यासकाने रेकॉर्ड करून नेलं, त्याने पुढे कळवलंच नाही. स्वतः मादामना वाटायचं ते एखाद्या गावाचं नाव असावं, जिथून माणसं उचलली ते गाव. पन्नासेक वर्षं त्या हाच विचार करत आल्या होत्या.

ऑक्टोबरमध्ये शाळेच्या ॲन्युअल डेची तयारी सुरू झाली आणि मादामनी अकरा मुली निवडल्या. माझी लेक त्यात होती. रुवीतल्या एका कापडाच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले. मोठ्या फुलांचं कापड, प्रत्येकीला सहा मीटर. दुकानदार गुजराती होता. तो म्हणाला, "मॅडम, स्कर्ट को तीन मीटर बहोत." मादामनी तिथेच, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, माझ्या ओढणीचा घेर करून फिरवून दाखवला. तो हात जोडून मुकाट्याने सहा मीटरचे तुकडे फाडायला लागला. खुळखुळ्यासाठी पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यांत खजुराच्या बिया भरल्या. तालीम शाळेच्या मागे, बस उभ्या राहतात तिथल्या मोकळ्या वाळूत.

नाचात एक जागा अशी येते की नाचणाऱ्या समोरासमोर गुडघ्यांवर येतात आणि मागे झुकत खाली खाली जातात. तेव्हा बाकीच्यांनी ओरडायचं, "आँबा! आँबा!" क्रिओलमध्ये त्याचा अर्थ 'खाली'. आमच्या मुलींना ते आंबाच ऐकू आलं. त्यातल्या दोघी रत्नागिरीच्या घरांतल्या. त्या इतक्या आवेशात "आंबा! आंबा!" ओरडायच्या की पलीकडच्या कँटीनवाल्याने एकदा खिडकीतून डोकावून सांगितलं, सीझन खलास.

त्या बसच्या रांगेतच बाबू असायचे. बाबू म्हणजे आमच्या मुलींच्या बसचे ड्रायव्हर. पासष्टीचे, ओमानी, पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्यावर भरतकामाची टोपी. मला कितीतरी दिवस वाटायचं, बाबू हे कुणा मल्याळी शिक्षकाने पाडलेलं नाव असेल. पण त्यांचा जन्म झांझिबारचा. लहान असताना आईवडिलांबरोबर मस्कतला परत आलेले. घरी अजून स्वाहिली बोलतात, आणि स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा. आमच्याशी ते हिंदी बोलायचे, तेही लिंगभेदाच्या भानगडीत न पडता.

तालमीच्या दुसऱ्या आठवड्यात मादामनी मुलींना ते गाणं म्हणून दाखवलं. शेवटच्या ओळीला बाबू बसच्या पायरीवरून उठले. हातातला चहाचा कागदी कप तसाच.

"मॅडम, ये आपको कौन सिखाया?"

मादाम थांबल्या. बाबूंनी ती ओळ परत म्हटली, थोडी वेगळी, जरा सैल, रोजच्या बोलण्यातली. "फुंगा कुकू, म्वुआ याजा." आणि हसले. "मुर्गी को बंद करो, बारिश आता है. मेरा माँ बोलता था. बादल आया तो चिल्लाता था हम लोग को."

मुलींमधून हसू फुटलं. माझी लेक मला म्हणाली, "आई, इट्स अबाउट चिकन्स!" मी मादामकडे बघितलं. देवाचं नाव नाही. हरवलेलं गाव नाही. कोंबड्या.

मादाम फुटपाथच्या कडेवर बसल्या. ढोल मांडीवर. मग मला म्हणाल्या, मराठीत, "तिच्याकडे कोंबड्या होत्या."

"कुणाकडे?"

"जिने हे पहिल्यांदा आणलं तिच्याकडे. ऐक. आमच्या बेटावर त्या लोकांची गोष्ट बोटीपासून सुरू होते. बोटीच्या आधी काहीच नाही. कुणालाच ठाऊक नाही. आज आधी एक अंगण आहे. अंगणात कोंबड्या आहेत. आभाळ भरून आलंय आणि एक आई मुलांवर ओरडते आहे." त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "यापेक्षा मोठं काय असतं?"

त्यानंतर बाबू रोज तालमीला बसू लागले. मादाम त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडत. अमुक शब्द आहे का, तमुक ठेका ऐकलाय का. आठवडाभर असं चाललं. मग एका दुपारी, अशाच सहज सुरात, मादामनी सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत विचारलं, "बाबू, तेरे दादा झांझिबार में क्या करते थे?"

"लौंग का बाग था."

"बाग में काम कौन करता था?"

बाबू उठून बसमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून बस रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला उभी राहू लागली.

"असं विचारायला नको होतं," मी मादामना म्हटलं.

"का? माझ्या पणजोबांना कुणी आणलं, हे मी विचारते. नेनेनच्या लोकांना कुणी विकलं, हेही विचारणार." पण त्या दिवशी ढोल वाजवताना त्यांचा हात दोनदा चुकला.

त्याच सुमारास पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सेगाचा एक व्हिडिओ टाकला. कुठल्यातरी हॉटेलातला, टुरिस्टांसाठीचा, उघड्या पोटांचा. 'हे आपल्या मुली करणार?' त्याखाली पंचवीस अंगठे. दोन दिवसांनी स्टाफ मीटिंग झाली. प्रिन्सिपॉल सभ्य गृहस्थ होते, आवाज चढवत नसत. कार्यक्रम भारतीय संस्कृतीचा आहे, वेळ कमी आहे, असं बरंच बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मादाम, इज इट इव्हन युअर कल्चर? यू आर ऑफ मराठी ओरिजिन, नो?"

मादाम खिडकीशी उभ्या होत्या. मीटिंगमध्ये त्या कधी बसत नसत. "मला जिने दूध पाजलं तिचा हा नाच आहे," त्यांनी इंग्रजीत सांगितलं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी मुलगी नाचात होती, तालमी मी पाहिल्या होत्या, स्कर्टांचं कापड मी आणलं होतं. हा हॉटेलातला नाच नव्हे, एवढं एक वाक्य मी बोलले असते तरी पुरलं असतं. मी वहीत बघत राहिले. माझ्या व्हिसाचं रिन्यूअल त्या महिन्यात होतं, हे कारण मी स्वतःला नंतर दिलं. तेव्हा तेही सुचलं नव्हतं. नुसती भीती वाटली होती. सेगा काढून एक फ्रेंच समूहगीत घालायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मादाम भेटल्या. "कशा आहात तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी तिथेच उभी राहिले. माणसाला शिवी लागत नाही इतकं ते 'तुम्ही' मला लागलं. त्यांच्या लेखी मी पुस्तकातली झाले होते.

तीन दिवस मी वरचा आवाज ऐकत काढले. तो पूर्वीसारखाच येत होता, पाचला, सर्रर्र, सर्रर्र. चौथ्या दिवशी वर गेले आणि दारातच म्हटलं, "मी मीटिंगमध्ये बोलले नाही."

"मला ठाऊक आहे," मादाम म्हणाल्या. "तुम्ही वहीत बघत होतात. वहीत काय होतं?"

"काही नाही."

"मुली येतील का? शाळेत नाही. समुद्रावर."

मी बाकीच्या दहाही घरी गेले. फोन केला नाही, गेले. काही ठिकाणी चहा झाला, काही ठिकाणी दारातच. एका आईने तो व्हिडिओ मला पुन्हा दाखवला. मी म्हटलं, तुम्ही स्वतः या आणि बघा, नाही पटलं तर मुलीला तिथूनच घेऊन जा. त्या शुक्रवारी घुब्र्याच्या किनाऱ्यावर सात मुली आल्या आणि पाच आया. डिसेंबरची दुपार, हवा छान, समुद्र कसा तळ्यासारखा. कुणीतरी कणसं भाजायला कोळसे पेटवले होते, त्यावरच मादामनी ढोल तापवून घेतला.

आम्ही सुरू करणार इतक्यात माझ्या लेकीने माझा हात ओढला. "आई, बाबू." तिने बसमध्ये त्यांना सांगितलं होतं, मला न विचारता. बाबू वाळूतून चालत आले, मादामसमोर उभे राहिले. बसले नाहीत.

"मॅडम, उस दिन आपने पूछा, बाग में काम कौन करता था." ते थांबले. "मेरा दादी. और बाग जिसका था, वो मेरा दादा."

कोळसे तडतडत होते. मादामनी विचारलं, "दादी का नाम?"

बाबूंनी सांगितलं. मादामनी ते नाव दोनदा मोठ्याने म्हटलं, नीट बरोबर येईपर्यंत. ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. बाबू म्हणाले, हे नाव घराबाहेर कुणी विचारलंच नव्हतं. मग ते टोपी सारखी करून वाळूत बसले.

मादामनी ढोल त्यांच्याकडे सरकवला. बाबूंनी वाजवला, पण ठेका वेगळा पडला. मादाम म्हणाल्या, असा नाही. बाबू म्हणाले, असाच. पंधरा मिनिटं दोघांचं भांडण चाललं, एक ठोका आधी की नंतर यावर, आणि आम्ही कणसं खात बघत बसलो. शेवटी बाबूंनी हात वर केले. "नहीं मॅडम, ये हमारा नहीं है." जरा विचार करून म्हणाले, "पर पड़ोस का है."

मग मुली नाचल्या. सहा-सहा मीटरचे घेर, मागे समुद्र, आणि एकीचाही पाय वाळूतून वर आला नाही. मुली गुडघ्यांवर येऊन खाली झुकू लागल्या तेव्हा "आंबा! आंबा!" असं सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडत होतं, तर व्हिडिओ दाखवणारी ती आई.

साठ पूर्ण झाल्यावर मादामची नोकरी संपली. जूनमध्ये त्या गेल्या. जायच्या आधी एकदा मी बाबूंना गाठून विचारलं, ती ओळ खरंच स्वाहिली आहे का? बाबू प्रामाणिक माणूस. म्हणाले, मला जी भाषा येते ती मला ऐकू आली. त्या किनाऱ्यावर कितीतरी भाषा होत्या. दुसऱ्या कुठल्या भाषेत दुसरंच काही असेल. हे मी मादामना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अवश्य असेल. शोधू." मस्कत सोडेपर्यंत त्या मला तुम्हीच म्हणाल्या. ते मी भोगलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ऑगस्टमध्ये शाळा उघडल्यावर त्यांचा एक लांबलचक व्हॉइस मेसेज आला. नेनेनला एक मुलगी आहे, हयात आहे, मादामच्याच वयाची, हे मला त्यात पहिल्यांदा कळलं. दोघी एकाच दुधावर वाढल्या आणि तीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. ती मादामना म्हणाली होती, माझ्या आईचं दूध घेतलंस, आता गाणंही नेतेस? मादाम परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्या दारात उभ्या राहिल्या आणि कोंबड्यांचं सांगितलं.

"तिने माझ्या तोंडावर दार लावलं," मेसेजमध्ये मादाम सांगत होत्या. "म्हणाली, माझी आई जन्मभर डोळे मिटून कोंबड्यांचं गाणं म्हणत होती? खोटारडी! दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माझ्या घरी आली. म्हणाली, आणि आईने कोंबड्या कधी पाळल्याच नव्हत्या. परवा पुन्हा आली. आता रोज येते. रोज भांडतो आम्ही. स्वयंपाक राहतो." मागे एका बाईचा चढा आवाज येत होता. "ऐक, ती इथेच आहे. ती म्हणते, त्या ओळीच्या पुढे अजून एक ओळ आहे. नेनेनने मला कधी शिकवली नाही. फक्त हिला शिकवली. मी आत्ताच, आत्ता पहिल्यांदा ऐकली. त्या बाबूला ऐकव."

मग खरखर झाली, फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि म्हातारा, फाटका, ठाम आवाज गायला लागला. पाच-सहाच शब्द होते. मला एकही कळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी बसच्या रांगेत गेले. बाबू चाकांची हवा बघत होते. मी काही न सांगता फोन त्यांच्या कानाला लावला. ते ऐकत राहिले. मेसेज संपला. इंजिन चालू होतं, ते त्यांनी बंद केलं.

"फिर से लगाओ," म्हणाले.